मुरगावातून जहाजाने जुनी बंदरे : एका हंगामानंतरचा अनुभव

आम्ही गोव्यातल्या वास्कोचे रहिवासी. पावसाळा सरल्यावर सुरू झालेल्या या हंगामात आम्ही पती-पत्नीने कधी मुंबईकडे, तर कधी कोचीकडे जाणाऱ्या जहाजांच्या सफरी केल्या. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी बंदरगावे पाहणे, एवढाच त्यामागे हेतू होता. खोली आणि जेवण यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे इतकेच सांगतो की, खिडकी नसलेली स्वस्त खोली झोपण्यापुरती पुरेशी आहे, शाकाहारी जेवण चांगले मिळते आणि रात्रीचे कर्कश संगीत टाळायचे असेल तर सभागृहाखालची खोली घेऊ नये.

अशा सफरीचे खरे मोल जहाज कोणत्या धक्क्याला लागते आणि जुने गाव तेथून किती दूर आहे, यावर ठरते. आपली जुनी बंदरे बहुतेक नद्यांच्या मुखाशी किंवा खाडीत आत वसलेली होती. गाळ साचत गेला, जहाजे मोठी होत गेली आणि खोल पाण्याचा धक्का दुसरीकडे बांधावा लागला. म्हणून माहितीपत्रकात जुन्या गावाचे छायाचित्र असते आणि प्रवासी उतरतो तो कोळशाच्या ढिगांशेजारी.

याचे सर्वांत ठळक उदाहरण वास्कोलगतचे आमचे मुरगाव बंदरच आहे. बंदराच्या हद्दीत पायी फिरता येत नाही, फाटकापर्यंत बसनेच जावे लागते, आणि जुने गोवे तेथून सुमारे तीस किलोमीटरवर राहते. जहाज दिवसभर थांबणार असे सांगितले जाते. पण उतरण्याची रांग आणि परतण्याची आगाऊ वेळ वजा केली की हातात जेमतेम पाच तास उरतात. जहाज कंपनीची बस कुठ्ठाळीहून जुवारी पूल ओलांडून आगशी आणि गोवा वेल्हामार्गे जाते. हाच गोवा वेल्हा म्हणजे कदंब राजांचे गोपकपट्टण. येथल्या जुवारीकाठच्या बंदरात गाळ भरल्यावर व्यापार मांडवीकाठच्या एला येथे, म्हणजे जुन्या गोव्यात गेला. 1510मध्ये ते पोर्तुगीज सेनापती आफोन्सु दि अल्बुकेर्कने घेतले, पुढे रोगराईने ओस पडत गेले, 1843मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेसोबत मुरगावचे आधुनिक बंदर उभे राहिले. म्हणजे त्या तासाभराच्या रस्त्यावर गोव्याच्या बंदरांचा बराचसा इतिहास समोर येतो. आमच्या बसमधल्या मार्गदर्शकाने मात्र त्या वेळात काजूच्या दुकानांची माहिती दिली.

त्यामुळे पाहुण्यांना आम्ही आता कदंबच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बसने पणजी आणि तेथून जुने गोवे गाठायला सांगतो. बासिलिका आणि से कॅथेड्रल ही चर्चे पाहून झाल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरावे आणि फेरीबोटीने समोरच्या दिवाडी बेटाला जाऊन परत यावे. पायी प्रवाशाला तिकीट पडत नाही. नदीच्या मध्यावरून मागे पाहिले की समुद्रमार्गे येणाऱ्याला ते शहर कसे सामोरे येत असेल, याची कल्पना येते, जी एवढ्या मोठ्या जहाजाच्या डेकवरून कधीच येत नाही.

कोची याबाबत फार उजवी ठरली. जहाज विलिंग्डन बेटाला लागते, जे विसाव्या शतकात बंदरातून उपसलेल्या मातीवर उभारले गेले, आणि मट्टांचेरी ही जुनी वस्ती रिक्षाने थोड्याच वेळात येते. 1568चे परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आणि पोर्तुगीजांनी बांधून दिलेला, नंतर डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा हे दोन्ही एकमेकांना लागूनच आहेत. आम्हाला सर्वाधिक भावला तो तिरुमल देवस्वम या मंदिराचा परिसर. सोळाव्या शतकात गोवा सोडून गेलेल्या सारस्वतांचे वंशज तेथे आजही कोकणी बोलतात, आणि आमची कोकणी ऐकून एका आजोबांनी आम्हाला कुळदेव विचारला. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये 1524मध्ये वास्को द गामाला पुरले होते. त्याचे अवशेष 1539मध्ये पोर्तुगालला नेले, त्यामुळे तेथे आता रिकामी कबर आहे. त्याचे नाव पत्त्यात रोज लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती एकदा पाहायला हरकत नाही.

मंगळूरविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. जहाज पणंबूरच्या नव्या बंदरात लागते, जुने बंदर दक्षिणेला नदीमुखाशी आहे आणि बहुतेक वेळ वाहनातच जातो. मुंबईत नेमके उलटे घडते : बॅलार्ड पिअरवर उतरून हॉर्निमन सर्कल आणि 1833चा टाऊन हॉल चालत पाहता येतो, कोणाच्या बसची गरज लागत नाही.

आरक्षण करताना जहाज कोणत्या वारी कोठे पोहोचते, हेही पाहावे. मट्टांचेरीचा राजवाडा आणि जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तर सिनेगॉग शनिवारी बंद असते. आणि सुट्टी जोडून निघणाऱ्या सफरी नेमक्या याच दोन दिवशी बंदराला लागतात.