डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० (१ टीबी): पीएस५ आणि कॉम्प्युटरवर नऊ महिने वापरल्यानंतर

मार्च २०२५मध्ये मी एकाच मॉडेलच्या दोन एसएसडी (माहिती साठवणाऱ्या, आत फिरता भाग नसलेल्या ड्राइव्ह) घेतल्या. एक माझ्या कामाच्या कॉम्प्युटरला, दुसरी धाकट्या भावाच्या पीएस५ला, म्हणजे सोनीच्या गेम कन्सोलला. आता डिसेंबर सुरू आहे. मधल्या काळात नागपूरचा अख्खा उन्हाळा गेला, लग्नसराईचं काम झालं, भावाचे गेम आले आणि गेले. घेतल्या घेतल्या सगळंच छान वाटतं, म्हणून इतके महिने थांबून मगच लिहायला बसले.

सुरुवात आधीच्या खरेदीपासून करावी लागेल, कारण एसएसडी निवडताना काय बघायचं हे मला तिनेच शिकवलं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. दोन वर्षांपूर्वी दुकानात मिळाली ती सगळ्यात स्वस्त १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी उचलली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३,५०० एमबी प्रति सेकंद लिहिलेलं, तेवढंच मी वाचलं. विंडोज झटकन सुरू व्हायचं, सॉफ्टवेअर पटकन उघडायचं, मी खूश होते. मग एका लग्नाचं २६० जीबी फुटेज एक्स्टर्नल एसएसडीवर आलं. ड्राइव्ह तेव्हा दोन तृतीयांश भरलेली होती. कॉपी लावली. पहिलं मिनिटभर विंडोजचा तो हिरवा आलेख ९००वर सपाट चालला आणि मग एकदम कोसळला. ऐंशी, बहात्तर, मधेच पन्नास. माझी जुनी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याहून वेगाने लिहायची. पाच मिनिटांचं काम पाऊण तासाच्या वर गेलं, आणि तेवढा वेळ त्या ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट उघडायचं नावच घेईना.

मला वाटलं ड्राइव्ह बिघडली. पण ती बिघडलेली नव्हती, ती क्यूएलसी होती. एसएसडीच्या आत माहिती अब्जावधी बारीक कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. टीएलसी प्रकारात एका कप्प्यात तीन बिट मावतात, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट, म्हणजे १६ पातळ्या. कप्पा तेवढाच, पातळ्या दुप्पट, त्यामुळे लिहायला वेळ जास्त लागतो आणि कप्पा झिजतोही लवकर. हे लपावं म्हणून ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग आधी एका कप्प्यात एकच बिट अशा पद्धतीने भरभर लिहिते. शेतातून तुरीची पोती आली की आधी ओसरीवर टाकतात, गाडी मोकळी होते, मग सवडीने पोती आत रचतात, तसंच. खोक्यावरचा वेग हा या ओसरीचा वेग असतो. ओसरी भरली की प्रत्येक पोतं थेट आत नेऊन रचावं लागतं. आणि घर आधीच भरलेलं असेल तर ओसरीही आक्रसते.

म्हणून या वेळी मी वेगाचा आकडा सोडून तीन गोष्टी बघितल्या: कप्पे टीएलसी आहेत का, टीबीडब्ल्यू किती आणि वॉरंटी किती वर्षांची. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी कंपनी देते तो आकडा. १ टीबीच्या काही स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हवर तो २२० असतो. एसएन७७०वर ६०० आहे, कप्पे टीएलसी आणि वॉरंटी ५ वर्षांची. कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे याची यादी ठेवणारी वेगळी डीरॅम चिप तिच्यात नाही, त्या कामासाठी ती कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा भाग वापरते. किंमत तेव्हा एका ड्राइव्हला साडेसहा हजारांच्या आत पडली.

पीएस५साठी मात्र निर्णयाला दोन दिवस लागले. सोनीची शिफारस ५,५०० एमबी प्रति सेकंद किंवा त्याहून जास्त वाचन-वेगाची आहे आणि एसएन७७०चा कंपनीने दिलेला आकडा ५,१५०. सात हजार एमबी वेगाच्या ड्राइव्हला त्या वेळी दोनेक हजार रुपये जास्त मोजावे लागत होते. शिफारस ही सक्ती नव्हे, आणि वाचनाचं काम असल्यामुळे इतक्या फरकाने अडणार नाही असं वाटलं, म्हणून तीच घेतली. सक्तीच्या गोष्टी वेगळ्या आहेत: ड्राइव्ह पीसीआयई जेन ४ची (म्हणजे त्या जोडणीच्या चौथ्या पिढीची) एनव्हीएमईच हवी, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) हवाच आणि हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. एसएन७७०सोबत हीटसिंक येत नाही, त्यामुळे चारशे रुपयांचा ॲल्युमिनियमचा पातळ हीटसिंक वेगळा घेतला.

इथे एक गोष्ट घडली ती सांगते. भाऊ आधी एकटाच बर्डीवर, नागपूरच्या बाजारात, जाऊन आला होता. दुकानदाराने "हीच चालते पीएस५ला" म्हणून एक एम.टू ड्राइव्ह दिली. घरी पारदर्शक पाकिटातूनच दिसलं की तिच्या सोनेरी पट्टीला एकाऐवजी दोन खाचा आहेत. लेबल वाचलं तर साटा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची. आकार तोच, लांबी तीच, पण पीएस५मध्ये साटा ड्राइव्ह चालतच नाही. पाकीट फोडलं नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी परत घेतली. दोन खाचा म्हणजे दर वेळी साटाच असं नाही, काही जुन्या एनव्हीएमईलाही त्या असतात, तेव्हा दुकानात उभं राहूनच लेबलवरचं वाचा. 'एम.टू' हे फक्त आकाराचं नाव आहे.

बसवायला वीस मिनिटं लागली. आमचा पीएस५ जुना, जाड मॉडेलचा आहे. वायर काढून तासभर थंड होऊ दिला, पांढरं कव्हर सरकवून काढलं. आत एका स्क्रूवर बसलेली धातूची झाकणी असते, ती उघडली की स्लॉट दिसतो. स्लॉटच्या पुढे ११०, ८०, ६०, ४२, ३० अशा खुणा आहेत. आपल्या नेहमीच्या लांबीच्या ड्राइव्हला तो छोटा स्पेसर ८०च्या जागी हलवायचा. स्पेसर नखाएवढाच असतो, म्हणून स्टीलच्या वाटीत ठेवला. हीटसिंकच्या रबरी पट्टीवर दोन्ही बाजूंनी निळसर फिल्म असते. एक बाजू भावाने सोलली होती, दुसरी तशीच होती. मी दाबायला गेले आणि एक कोपरा ट्यूबलाइटमध्ये चमकला. "थांब," म्हटलं. तो म्हणाला, "काहून, ताई?" फिल्म सोलून त्याच्या हातात दिली. ती राहिली असती तर पट्टी नीट चिकटली नसती आणि उष्णता हीटसिंकपर्यंत धड पोचली नसती.

कन्सोल सुरू झाला, फॉरमॅट करायला विचारलं, वेग मोजला तर पाच हजारांच्या वर दाखवला. जुन्या पीएस५ची आतली जागा ८२५ जीबी, त्यातली गेमसाठी ६६७ जीबीच्या आसपास मिळते. आजकालचा मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो. दर वेळी नव्या गेमसाठी जुना पुसायचा, मग महिनाभराने तोच पुन्हा डाउनलोड करायचा, हा खेळ या नऊ महिन्यांत एकदाही झाला नाही. शंभर जीबीचा गेम आतून नव्या ड्राइव्हवर हलवायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोच गेम दोन्हीकडून सुरू करून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ लावला: एकीकडे ९ सेकंद, दुसरीकडे १०. खेळताना कुठे अडकल्याचं, उशिरा चित्र उमटल्याचं भावाने एकदाही सांगितलं नाही. तो ते सांगितल्याशिवाय राहणाऱ्यातला नाही.

आता माझा कॉम्प्युटर. त्याचा मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) बी४५० या जुन्या प्रकारचा आहे, म्हणजे स्लॉट जेन ३चा. जेन ४ची ड्राइव्ह त्यात चालते, फक्त वेग ३,४००च्या आसपास थांबतो. रोजच्या कामात याने काही बिघडत नाही. महत्त्वाचं हे की लग्नाचं फुटेज कॉपी करताना आलेख कोसळत नाही. दोनशे-अडीचशे जीबी एका दमात लिहून झालं तरी वेग चारशे-पाचशेच्या खाली गेलेला मी पाहिला नाही. दीडशे जीबी मोकळे ठेवण्याचा नियम मात्र पाळते.

ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर आज दाखवतं: एकूण लिहिलेलं १९ टीबी, आरोग्य ९८ टक्के. वर्षाला पंचवीस टीबी धरले तरी ६००पर्यंत पोचायला चोवीस वर्षं लागतील. माझ्यासारखा लिहिण्याचा भार फार थोड्यांचा असतो, तेव्हा टीएलसी घेतली असेल तर झिजण्याची काळजी करू नका.

मे महिन्याची काळजी मलाही होती. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर, आणि कूलर दुपारी कितीही फिरला तरी खोली थंड होते असं नाही. नुसती बसलेली ड्राइव्ह ४८-५०वर असायची, मोठ्या कॉपीच्या वेळी ७१पर्यंत गेली. मग तिलाही पीएस५सारखाच हीटसिंक लावला, तो आकडा ६२-६३वर आला. विदर्भात, खानदेशात राहणाऱ्यांनी कॉम्प्युटरलाही हीटसिंक लावावाच.

आणखी एक. २०२४च्या शेवटी विंडोज ११च्या २४एच२ अपडेटनंतर याच मॉडेलच्या २ टीबीवाल्या ड्राइव्हवर निळा स्क्रीन येत होता. कंपनीने नवं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) देऊन ते सोडवलं. माझी १ टीबीची, मला त्रास झाला नाही, तरी पहिल्याच दिवशी फर्मवेअर अपडेट करून घेतलं. २ टीबी घेणाऱ्यांनी ते आधी करा.

ती जुनी क्यूएलसी ड्राइव्ह फेकली नाही. बाराशे रुपयांचं यूएसबी एनक्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी) घेऊन त्यात घातली आणि पीएस५ला जोडली. पीएस५चे गेम यूएसबीवरून खेळता येत नाहीत, नुसते साठवता येतात, पण पीएस४चे गेम थेट तिथूनच चालतात. भावाच्या पीएस४च्या सगळ्या गेमचं बिऱ्हाड आता तिच्यावर आहे. एकदा लिहायचं आणि वर्षभर वाचायचं, या कामाला ती उत्तम आहे. माझ्या टेबलावर ती रोज रडवायची आणि टीव्हीखाली तिच्याबद्दल एक तक्रार नाही, हे बघून मला तिच्याविषयी वाटणारा राग गेला. फक्त गेम खेळायचे असतील आणि पैसे खरोखर कमी असतील, तर कॉम्प्युटरला क्यूएलसी घेण्यात काही चूक नाही. व्हिडिओ, फोटो, मोठ्या फाइल रोज लिहायच्या असतील तर थोडे पैसे वाढवून टीएलसी घ्या.

बॅकअप मी अजूनही फिरत्या हार्ड डिस्कवरच ठेवते. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुधा करकर करते, रखडते. एसएसडी एखाद्या सकाळी नुसती दिसेनाशी होऊ शकते. लोकांच्या लग्नाचं फुटेज परत शूट करता येत नाही.

मी घेतल्या तेव्हापेक्षा आज भाव चांगलेच चढलेत. मेमरी बनवणाऱ्यांचा बराचसा माल एआयच्या डेटा सेंटरकडे जातोय, त्याची झळ आपल्याला बसतेय. भावाला आता २ टीबी हवीय. त्याला म्हटलं, भाव उतरेपर्यंत आहे त्यात भागव. ज्यांना आत्ताच लागणार आहे त्यांनी बाजारभावाच्या अर्ध्या किमतीत २ टीबी मिळतेय म्हणून अनोळखी नावाची ड्राइव्ह घेऊ नये. अशा ड्राइव्हच्या आत बहुधा थोडीशीच जागा असते आणि विंडोजला मात्र २ टीबी दिसते. ती भरली की पुढच्या फाइल हरवतात. छापील बिल घ्या, बिलावर ड्राइव्हचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधीपर्यंत दिसतेय ते त्याच दिवशी बघा.