पायसाइड सिक्स : काट्याला जोडून दोन महिने वापरल्यावर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅचला आहे. कास्टिंग वजनकाट्यावर चढायचं, पोरगा आकडा वहीत लिहायचा, संध्याकाळी मी तो एक्सेलमध्ये भरायचो. सहाचा नऊ झाला म्हणून रोज एक भांडण ठरलेलं. काट्याच्या पाठीमागं आकडा कॉम्प्युटरला पाठवायचा सिरियल पोर्ट होता, खरं त्याला वायर कुणी लावलीच नव्हती.

पायथन जेमतेम येत होतं. पहिला प्रोग्राम व्हाइल लूपचा : काट्याला विचारत बसायचं, आलं का, आलं का. आकडे यायचे, खरं प्रोग्रामची खिडकी पांढरी पडायची आणि बटण दाबलं तरी ढिम्म. मग पायसाइड सिक्स घेतलं. नॉर्वेतल्या दोघांनी १९९१ साली लिहायला घेतलेलं क्यूट हे खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायचं सी प्लस प्लस भाषेतलं फ्रेमवर्क, त्याचं हे अधिकृत पायथन रूप. पिप ह्या पायथनच्या इन्स्टॉलरनं एका ओळीत बसतं. डाउनलोड मात्र जड आहे, मोबाइलच्या नेटवर करू नका.

ह्यात आपण विचारायचं नसतं, थांबायचं असतं. टिळकवाडीचं दुसरं गेट, म्हणजे रेल्वेचं फाटक, डोळ्यांसमोर आणा. फाटकवाला गाडी आली का म्हणून दर मिनिटाला रुळावर जाऊन बघत नाही. फोन वाजतो, तो फाटक पाडतो. क्यूटमध्ये फोन वाजणं म्हणजे सिग्नल, फाटक पाडणं म्हणजे स्लॉट, आणि शेवटच्या ओळीतलं ॲप.एक्झेक म्हणजे फाटकवाल्याची ड्यूटी सुरू. मात्र फाटकवाला एकच. स्लॉटमध्ये मी दोन सेकंदांचं टाइम.स्लीप घातलं आणि तो झोपला. दोन्ही बाजूंना रांग. तिथं ठरलेल्या वेळानं सिग्नल देणारा क्यूटायमर लागतो, हे कळायला माझा एक रविवार गेला.

दुसरा रविवार कंसात गेला. सिग्नलला स्लॉट जोडणाऱ्या कनेक्टमध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. मी सवयीनं पुढं कंस लावले, म्हणजे फंक्शन तिथल्या तिथं चाललं आणि बटण दाबल्यावर काहीच नाही.

खरी गंमत वजनाची. डेटा आला की पोर्ट रेडीरेड हा सिग्नल देतो. मला वाटलं, सिग्नल आला म्हणजे पूर्ण आकडा आला. एकदा १२.४५० किलोचं कास्टिंग पडद्यावर ५० किलो दिसलं. आधी "१२.४" आलं होतं, पुढच्या खेपेला "५०". मालक म्हणाले, "काय ओ, लोखंड फुगलं काय?" पूर्ण ओळ जमली का हे कॅनरीडलाइननं बघायचं, जमली असेल तोवर रीडलाइननं एकेक उचलायची, अर्धवट राहिली तर ती बफरमध्येच, म्हणजे आलेला डेटा साठतो तिथंच, पडू द्यायची. एवढं केल्यावर आजवर आकडा चुकलेला नाही. माझ्या मते शिकणाऱ्यानं कॅल्क्युलेटर बनवण्यापेक्षा असं काहीतरी खरोखरचं यंत्र जोडावं. कॅल्क्युलेटरमध्ये बटण आपणच दाबतो. बाहेरून, आपल्या वेळेला न येणारं काही त्यात नसतंच.

मार्क कापायचेच तर माहितीपानांना. आहेत भरपूर आणि नीट, खरं मला हवी ती उदाहरणं बहुतेक वेळा सी प्लस प्लसमध्ये सापडली. तिथून पायथनमध्ये आणताना सेमीकोलन खरडत बसावं लागतं.

एक गोष्ट न मागता मिळाली. काट्यावरच्या पोराला कन्नड वाचता येतं, मला मराठी. एकाच लेबलवर "वजन" आणि खाली कन्नड लिपीत "तूक" लिहिलं. दोन्ही सरळ दिसलं, वेगळी खटपट नाही. पाचापैकी साडेचार.

मालकांनी आता गेटजवळच्या दुसऱ्या काट्यालाही हेच बसव म्हणून सांगितलंय. काल यूएसबीची वायर चुकून दुसऱ्या खाचेत घातली तर विंडोजनं पोर्टचं नाव कॉम तीनचं कॉम सात केलं, आणि मी अर्धा तास काट्यालाच शिव्या देत होतो. आता पोर्ट निवडायची यादी खिडकीतच घालतोय.