वॉशिंग मशीनचे एरर कोड घरीच सोडवताना : गोव्यातील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सात किलो क्षमतेचे, समोरून दार उघडणारे (फ्रंट लोड) वॉशिंग मशीन फोंडा तालुक्यातील आमच्या घरी गेल्या गणेश चवथीच्या आधी आले. त्या पावसाळ्याची अखेर, हिवाळा, कडक उन्हाळा आणि पुन्हा सुरू झालेला पाऊस एवढा काळ ते नियमित चालले आहे. कपडे किती स्वच्छ निघतात आणि वीज किती लागते याविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून ते विषय मी बाजूला ठेवतो. या लेखाचा विषय मशीनच्या पडद्यावर मधूनच उमटणारी दोन-तीन अक्षरे हा आहे, कारण ती दिसताच बहुतेक घरांत कपडे ओलेच राहतात आणि तंत्रज्ञाची वाट पाहण्यात आठवडा जातो. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, या कोडांपैकी मोठा भाग मशीनच्या पोटातील बिघाडाचा नसून त्याला मिळणारे पाणी, त्यातून जाणारे पाणी, वीज आणि मशीनखालची जमीन यांच्याशी निगडित असतो. आणि या चारही गोष्टी घरच्या माणसाला स्वतः तपासता येतात.

यासाठी कोड तयार कसा होतो हे समजून घ्यावे लागते. मशीनमधील नियंत्रक कार्ड प्रत्येक टप्प्यावर एखादी गोष्ट ठरावीक वेळेत घडण्याची वाट पाहते. पाण्याची पातळी वर यावी, नंतर ती खाली जावी, दाराचे कुलूप बसल्याचा संकेत यावा, ड्रमने वेग घ्यावा, अशा त्या अपेक्षा असतात. अपेक्षा वेळेत पूर्ण झाली नाही की कार्ड काम थांबवते आणि कोड दाखवते. ती का पूर्ण झाली नाही हे कार्डाला बहुधा कळत नाही. म्हणून ‘पाणी येत नाही’ हा कोड दिसताच पाण्याचा व्हॉल्व्ह बदलायला निघणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरवरूनच रोगाचे नाव सांगण्यासारखे आहे.

अक्षरे प्रत्येक कंपनीची वेगळी असल्यामुळे मशीनसोबतची पुस्तिका जपून ठेवावी. एलजीच्या मशीनवर पाणी आत न येण्यासाठी ‘आयई’, निचरा न होण्यासाठी ‘ओई’, कपड्यांचा तोल न साधण्यासाठी ‘यूई’ आणि दारासाठी ‘डीई’ दिसते. सॅमसंगच्या मशीनवर याच तक्रारींपैकी पहिल्या दोन ‘४सी’ आणि ‘५सी’ अशा दिसतात, तर जुन्या मशीनवर त्यांच्याच जागी ‘४ई’ आणि ‘५ई’ असे. बॉशच्या मशीनवर निचऱ्यासाठी ‘ई१८’ येते. ‘एलई’ ही अक्षरे एलजीवर मोटर अडकल्याचे सांगतात, पण सॅमसंगच्या जुन्या मशीनवर त्यांचा संबंध पाणी गळण्याशी असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपल्या मशीनचा कोड वाचू नये. एलजीवरील ‘सीएल’ तर बिघाडच नव्हे. लहान मुलांनी बटणे दाबू नयेत म्हणून लावलेले ते कुलूप आहे आणि ते नेमून दिलेले बटण काही क्षण दाबून धरले की निघते.

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला कोड पाणी आत न येण्याचा होता, आणि गोव्यातील जुन्या धाटणीच्या घरांत तो येण्याला ठोस कारण आहे. आमच्यासारख्या कौलारू घरात छपरावर टाकी ठेवता येत नाही. ती न्हाणीघरावरच्या किंवा स्वयंपाकघराला जोडलेल्या स्लॅबवर बसते आणि मशीन मागच्या पडवीत, घराच्या जमिनीच्याच पातळीवर असते. पाण्याचा दाब उंचीवरून ठरतो : दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार (बार हे दाबाचे एकक). फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकांत किमान दाब ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो, म्हणजे मशीनच्या नळीपासून टाकीतील पाणी निदान तीन ते पाच मीटर वर हवे. बैठ्या घराच्या स्लॅबवरची टाकी हे अंतर कसेबसे गाठते. उन्हाळ्यात टाकी अर्धी राहू लागली की तेवढेही मिळत नाही. ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारे नळाचे पाणी थेट मशीनला जोडले असेल तर दाबाचा प्रश्न सहसा येत नाही, मात्र मग पाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

तपासणीची पद्धत सोपी आहे. मशीनचा प्लग काढावा, तोटी बंद करावी, मशीनच्या मागची नळी सोडवून तिचे टोक बादलीत धरावे आणि तोटी पूर्ण उघडावी. मिनिटाभरात आठ ते दहा लिटर पाणी जमले तर पुरवठा ठीक आहे आणि दोष पुढे शोधायचा. त्याहून बरेच कमी जमले तर मशीनला हात लावण्याची गरज नाही. आमच्या बाबतीत टाकी लोखंडी स्टँडवर आणखी उंच बसवल्यावर हा कोड उन्हाळ्यात येणे जवळजवळ थांबले. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी मशीनच्या ओळीवर लहान प्रेशर पंप बसवावा. त्याचा खर्च एखाद्या कार्डाच्या बदलापेक्षा कमी येतो.

पुरवठा चांगला असूनही कोड येत असेल तर नळी जेथे मशीनला जोडली जाते तेथील बारीक जाळी पाहावी. जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश बराच असतो. हवेशी संबंध येताच त्याची तांबूस साय धरते आणि ती याच जाळीत बसते. पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ होते तेव्हा माती त्यात भर घालते. पकडीने जाळी अलगद बाहेर ओढून जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासली की काम होते. साय घट्ट बसली असेल तर लिंबाच्या रसात किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावी. टाकीतून निघणाऱ्या पाइपला एक वेगळा गाळणीचा फिल्टर लावला तर ही जाळी महिनोन्‌महिने स्वच्छ राहते. विहिरीचे पाणी वापरणाऱ्या प्रत्येकाने तो लावावाच, असे मी आग्रहाने सांगेन.

या कोडाचे एक विलक्षण रूप शेजारच्या काकींच्या घरी पाहायला मिळाले आणि तेथेच या विषयाची खरी गोडी लागली. त्यांच्या मशीनमध्ये पाण्याचा प्रवाह जोरदार होता, जाळी स्वच्छ होती, तरीही पाणी न आल्याचा कोड येत होता आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला त्यांना मिळालेला होता. आवाज लक्षपूर्वक ऐकला तेव्हा पाणी आत पडत असताना बाहेरही जात असल्याचे कळले. कपड्यांचे पाणी माडाच्या आळ्यात सोडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि त्यासाठी त्यांची निचऱ्याची नळी थेट जमिनीवर नेऊन टाकलेली होती. नळीचे टोक ड्रममधील पाण्याच्या पातळीखाली गेले की एकदा सुरू झालेला प्रवाह पंपाशिवायही चालूच राहतो. पातळी कधीच वर येत नाही, कार्ड वाट पाहून थकते आणि दोष पाणीपुरवठ्यावर जातो. निचऱ्याची नळी जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून, वरून उघड्या असलेल्या उभ्या पाइपात सोडली पाहिजे. तिचे टोक पाइपात घट्ट बसवायचे नाही, भोवती हवेला वाट ठेवायची. मग त्या पाइपातून पाणी माडापर्यंत खुशाल न्यावे. काकींच्या घरी एवढा बदल केल्यावर व्हॉल्व्हला हात लावावा लागला नाही.

निचरा न होण्याचा कोड आमच्याकडे पावसाळ्यात आला. फ्रंट लोड मशीनच्या पुढच्या बाजूला तळाशी एक लहान झाकण असते आणि त्यामागे पंपाचा फिल्टर. तो उघडण्यापूर्वी प्लग काढावा, गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालू असेल तर पाणी निवू द्यावे आणि खाली पसरट परात ठेवावी, कारण अडलेले सगळे पाणी तेथूनच बाहेर येते. बारीक नळी दिलेली असेल तर आधी तिच्यातून पाणी सोडावे. फिल्टरमध्ये नाणी, गुंड्या, धाग्यांचे गोळे सापडतात. तो काढल्यावर आत दिवा धरून पंपाचा पंखा बोटाने किंवा काडीने फिरतो का ते जरूर पाहावे, कारण पंख्याला गुंडाळलेला केस किंवा दोरा फिल्टर धुऊन निघत नाही. एवढे करूनही पाणी अडत असेल तर नळीच्या दुसऱ्या टोकाकडे जावे. बाहेर उघड्या असलेल्या पाइपात कुंभारीण माशी मातीचे घर करते, आणि सांडपाण्याचा खड्डा पावसाने भरला की पाणी उलटे दाटते. ही दोन्ही कारणे तंत्रज्ञ मशीनमध्ये शोधत बसला तर सापडणार नाहीत.

फेसाच्या कोडाविषयी घाटावरच्या आप्तांशी बोलताना मला मोठा फरक जाणवला. पुण्या-सोलापूरकडे बोअरचे पाणी जड असते. तेथे हीटरवर क्षार चढतात आणि पावडर जास्त लागते. आपल्याकडचे नळाचे आणि विहिरीचे पाणी बहुतेक ठिकाणी हलके आहे, त्यात थोड्याशा पावडरीनेही भरपूर फेस होतो. पाकिटावर लिहिलेले प्रमाण जसेच्या तसे घातले तर फेस इतका वाढतो की पंप हवा ओढू लागतो, पिळण्याच्या वेळी ड्रम वेग घेत नाही आणि मशीन फेसाचा, कधी निचऱ्याचा, तर कधी तोलाचा कोड दाखवते. आम्ही मशीनसाठीच असलेली पावडर सुचवलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने घालतो आणि कपडे तितकेच स्वच्छ निघतात. कोड आलाच तर मशीन थोडा वेळ स्वस्थ ठेवावे, फेस बसला की पावडर न घालता नुसते खळबळणे आणि पिळणे लावावे. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये कधीही घालू नये.

तोल न साधण्याच्या कोडाला फार जागा देत नाही. एकटी जाड चादर किंवा गोधडी ड्रमच्या एका बाजूला गोळा होते, तिच्यासोबत दोन-तीन टॉवेल टाकले की प्रश्न सुटतो. मशीन नवीन असेल तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढले आहेत ना, हे पाहावे. पडवीची जमीन पाणी वाहून जावे म्हणून उतरती असते, त्यामुळे पाणसळ ठेवून चारही पाय जुळवावेत आणि पायांवरचे नट घट्ट आवळावेत.

दाराच्या कोडाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुलपात तापल्याने वाकणारी धातूची पट्टी असते, म्हणून वीज गेल्यावर किंवा प्रोग्रॅम संपल्यावर ती निवेपर्यंत एक-दोन मिनिटे दार उघडत नाही. त्या वेळी दार ओढल्याने मुठीचा आकडा तुटतो आणि नसलेला बिघाड निर्माण होतो. दार बंद असूनही कोड येत असेल तर रबरात कपड्याची कड अडकली आहे का आणि आकड्याच्या खाचेत मळ साचला आहे का, एवढे पाहावे.

विजेविषयी मी अधिक सावध आहे. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते आणि परत येताना दाब २३० व्होल्टच्या बराच वर-खाली असतो, तेव्हा मशीन मध्येच थांबते किंवा अर्थ न लागणारा कोड दाखवते. अशा वेळी प्लग काढून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लावल्यावर कोड गेला आणि नंतर आला नाही, तर प्रकरण तेथेच संपते. ढगांचा गडगडाट सुरू होताच प्लग काढण्याची सवय आम्ही घरातील सर्वांना लावली आहे. मशीनला अर्थिंग नीट मिळत आहे का, हे मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावेच. ओल्या पडवीत, ओल्या हातांनी वापरायच्या यंत्राच्या बाबतीत याला पर्याय नाही.

घरच्या दुरुस्तीची सीमा मी मशीनच्या पत्र्यापाशी आखली आहे. इन्व्हर्टर मोटरच्या कार्डावर घरातील वीज एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टवर साठते आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तेथे राहू शकते. म्हणून मोटर, हीटर, तापमापक आणि पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर यांचे कोड एकदा वीज बंद-चालू करून गेले नाहीत, तर तंत्रज्ञालाच बोलवावे. वॉरंटी चालू असताना पत्रा उघडला तर ती नाकारली जाण्याचीही शक्यता असते. तंत्रज्ञाला फोन करताना कोडाची अक्षरे, तो धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर आला आणि आपण काय तपासले, हे तिन्ही सांगावे; त्यामुळे तो योग्य सुटा भाग घेऊन येतो. फोंड्याहून आमच्या गावात परत फेरी व्हायला किती दिवस लागतात हे जाणणाऱ्याला याचे मोल कळेल.

एक प्रतिबंध मात्र पत्र्याबाहेरूनच करता येतो आणि खेड्यातील घरात तो अत्यावश्यक आहे. बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो. तेथून उंदीर आत शिरून तारा कुरतडतात आणि मग एकाच वेळी भलतेच कोड दिसू लागतात. तळाला बसवायची जाळी वेगळी विकत मिळते. ती बसवून घ्यावी आणि मशीन स्टँडवर ठेवले असेल तर स्टँडच्या बाजूही बंद कराव्यात. पाल आणि मुंग्या यांचा उपद्रव जाळीने पूर्ण थांबत नाही, म्हणून मशीनमागची जागा कोरडी व मोकळी ठेवतो.

काही बिघाडांना कोडच नसतो आणि तेथे कानांवर, डोळ्यांवर विसंबावे लागते. पिळताना विमानासारखी घरघर वाढत गेली तर बेअरिंग झिजत आहे, पण पडद्यावर त्याची खूण उमटत नाही. दाराच्या रबरावर धरणारी काळी बुरशीही कोणत्याच कोडात येत नाही, आणि आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर या काळात ती फार वेगाने वाढते. प्रत्येक धुण्यानंतर रबराच्या घडीतले पाणी फडक्याने टिपतो, दार आणि पावडरीचा खण उघडा ठेवतो, महिन्यातून एकदा ड्रम रिकामा ठेवून ६० अंशांवर किंवा मशीनमध्ये असलेल्या ड्रम सफाईच्या प्रोग्रॅमवर चालवतो आणि त्याच दिवशी पंपाचा फिल्टर व पाण्याची जाळी साफ करतो.