उन्हाळी अभ्र्यांसाठी मलमल, वॉइल की केंब्रिक?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी दिवाणावरच्या उशांना नवे अभ्रे शिवायचे म्हटलं की जळगावच्या फुले मार्केटात ही तीन पातळ सुती कापडं समोर येतात. आमचा कौल केंब्रिकला.

मलमल हाताला सगळ्यांत मऊ. मे महिन्यात 45 अंशांत तिच्यावर डोकं टेकवावंसं वाटतं, हे खरंच. पण आपल्याकडच्या उशा बहुतेक पिंजाऱ्याकडून भरून आणलेल्या कापसाच्या, आणि पांढऱ्या मलमलीतून सरकीचे तपकिरी कण नि कापसाच्या गाठी थेट दिसतात. अस्तर लावावं तर कापड दुप्पट लागतं आणि हलकेपणाही जातो. वॉइल झुळझुळीत, पण कात्रीखाली सरकतं. चौकोन नीट कापला तरी शिवताना तिरका होतो. केंब्रिकची वीण घट्ट, घडी बसते आणि पंख्याखाली गरमही होत नाही.

‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेलं कापड पारखूनच घ्या. उभा आणि आडवा, दोन्ही धागे काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. बऱ्याचदा एकच बाजू भेसळीची असते, म्हणून दोन्ही तपासायचे.

16 इंची उशीचा अभ्रा शिवून 15 इंची व्हायला हवा, तरच उशी भरीव दिसते. पुढचा तुकडा 16 बाय 16, मागचे दोन 16 बाय सव्वाअकरा; हे एकमेकांवर चढतात आणि मधल्या फटीतून उशी आत जाते. तिन्ही मिळून साडेअडतीस इंच, म्हणजे 44 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) आडवे बसतात. पाच अभ्र्यांना सव्वादोन मीटर पुरतं. मात्र कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात अभ्रा आटतो आणि मागची फट उघडी पडते. लाल-निळ्या छापाचा रंग जातो का, तेही भिजवतानाच कळतं.

मागच्या तुकड्यांची एकेक कड आधी पाव इंच, मग एक इंच दुमडून शिवा. दोन्ही तुकडे एकमेकांवर चार इंच चढले पाहिजेत; दोन इंचांवर भागवलं तर उशी तोंड बाहेर काढते. चेन नकोच, तिच्या वजनाने पातळ कापड ओढलं जातं.

कडेची शिलाई दुहेरी घाला. सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर पहिली, मग दशा निम्म्यापर्यंत कापून, उलटवून पाव इंचावर दुसरी. दशा आत बंद होतात. सुई नवी, 11 नंबरची, मलमलीला 9. जुन्या बोथट सुईने धागा ओढला जाऊन शिलाईभर चुण्या पडतात आणि दोष कापडाला दिला जातो. सुई बदलूनही चुण्या राहिल्या तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा.

कोपरे अगदी काटकोनात शिवले तर उशी भरल्यावर कानासारखे रिकामे उभे राहतात. पहिली शिलाई घालण्याआधीच प्रत्येक कोपऱ्यापासून तीन-चार इंचांवर खूण करून तिथून शिलाई हळूहळू आत घ्या, टोकाशी अर्धा इंच.