विंडोज ११ नंतरची कन्सोल केबल: जुना ड्रायव्हर, नवी केबल की लिनक्स?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळणाऱ्याला स्विचची कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडून त्याची मांडणी करण्याची तार) वर्षातून दोन-चारदाच लागते. लॅपटॉप विंडोज ११ वर गेल्यानंतर ती पहिल्यांदा जोडली आणि पुटीने (स्विचशी बोलण्यासाठीच्या प्रोग्रॅमने) पोर्ट उघडण्यास नकार दिला, तर पैसे खर्च करण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहावा. तेथे केवळ कॉम पोर्टचा (विंडोजने केबलला दिलेल्या जोडणीचा) क्रमांक बदललेला आढळला, तर पुटीत तो दुरुस्त करून कामाला लागावे. पोर्ट उघडतो पण अक्षरे अगम्य उमटतात, असे असेल तर दोष बहुधा पुटीत निवडलेल्या वेगाचा असतो. सिस्कोचे स्विच सहसा ९६०० बिट प्रति सेकंद या वेगावर बोलतात, इतर अनेक उपकरणे ११५२०० वर. केबलविषयीच शंका असल्यास नऊ पिनांच्या टोकाच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेने जोडून, पुटीत फ्लो कंट्रोल (माहितीचा ओघ थांबवण्या-सोडण्याची सोय) बंद ठेवून टंकन करावे. टंकलेले अक्षर पडद्यावर परत आले, तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत.

निर्णयाची वेळ येते ती पोर्टच्या नावाच्या जागी ‘पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो तेव्हा. ही अडवणूक विंडोजची नसून केबलमधील ही चिप बनवणाऱ्या प्रोलिफिक कंपनीच्या नव्या ड्रायव्हरची आहे, आणि म्हणूनच जुना ड्रायव्हर निवडून दिल्यास तीच केबल पुन्हा चालू लागते. हा मार्ग फुकट आणि दहा मिनिटांचा आहे. मात्र विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवू शकते आणि ड्रायव्हर बदलण्यास अ‍ॅडमिन अधिकार लागतात. रात्रपाळीत यंत्रे थांबलेली असताना हा खटाटोप करण्याची वेळ मी तरी स्वतःवर येऊ देणार नाही.

नव्या केबलमध्ये एफटीडीआय चिपची केबल महाग, पण विंडोजवर सर्वांत कमी त्रासाची ठरते. अट एकच, चिप अस्सल हवी: २०१४ मध्ये या कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या होत्या. सीएच३४० चिपची केबल स्वस्त आहे आणि विंडोजवर नीट चालते, उबुंटू २२.०४ या लिनक्सवर मात्र अंधांच्या ब्रेल उपकरणांसाठीची बीआरएलटीटीवाय ही प्रणाली तिला स्वतःचे उपकरण समजून बळकावते. ब्रेलची गरज नसेल, तर ती प्रणाली काढून टाकली की पोर्ट परत मिळतो.

तिसरा मार्ग लिनक्सचा. जुनी प्रोलिफिक चिप लिनक्सच्या कर्नलमधील (गाभ्यातील) ड्रायव्हरवर कुरकुर न करता चालते, त्यामुळे अडगळीतला लॅपटॉपही पुरतो. केबल टीटीवाययूएसबी० या नावाने दिसते आणि वापरकर्ता डायलआउट या, पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात असावा लागतो. वर्षातून दोनदाच काम पडणाऱ्याने खर्च न करता हाच मार्ग धरावा. दर महिन्याला कन्सोलवर बसणाऱ्याने एफटीडीआय घ्यावी आणि जुनी केबल लिनक्ससाठी राखून ठेवावी.

नवी पेठेत खरेदीला जाताना स्वतःचा लॅपटॉप सोबत न्यावा. खोक्यावर पुष्कळदा केवळ ‘यूएसबी टू सिरियल’ एवढेच छापलेले असते आणि आतली चिप कोणती हे दुकानदारालाही ठाऊक नसते. तेव्हा केबल काउंटरवरच जोडून, डिव्हाइस मॅनेजरमधील नाव वाचून मगच पैसे द्यावेत.