सीलचे पैसे घेतले, रबर जुनंच

मे महिन्यात माझं घड्याळ बंद पडलं. सेल संपला असणार, म्हणून ठाण्यात स्टेशनजवळच्या एका चकचकीत दुकानात दिलं. तिथल्या मुलाने झाकण उघडायच्या आधीच निदान केलं, "मॅडम, सील गेलंय. पावसाळा तोंडावर आलाय, सगळं किट बदलून टाकू. सेल धरून साडेसातशे." सील म्हणजे पाणी आत येऊ न देणारं रबर. न उघडता ते गेलेलं कसं कळलं, हा प्रश्न मला रात्री जेवताना सुचला.

घड्याळ आत नेलं, दहा मिनिटांनी बाहेर आणलं आणि माझ्यासमोर पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवलं. "बघा, वॉटरप्रूफ!" मीही मान डोलावली. बिलावर मात्र 'सर्व्हिस चार्ज' एवढंच होतं. घड्याळाच्या पाठीवर ५ एटीएम लिहिलंय, म्हणजे पाण्याचा किती दाब सोसेल त्याचा आकडा. त्या मुलाला एटीएम मीच सापडले.

जूनमधल्या एका सरीत मनगट भिजलं आणि संध्याकाळी काचेच्या आतून वाफ धरली. दुकानात गेले तर, "पाण्याची गॅरंटी नसते, मॅडम."

मग ओळखीच्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी झाकण माझ्यासमोर उघडलं. आतली रबर रिंग जुनीच, खाचेत बसून चपटी झालेली. वरून ग्रीसचा हात फिरवला होता, म्हणून चमकत होती. चिमट्याने उचलली तर तिचे दोन तुकडे झाले. "ताई, नवीन रबर गोल असतं, दाबलं की परत फुगतं. हे तर वाळलेलं आहे." चावीलाही कोणी हात लावला नव्हता. वेळ लावताना चावी ओढली-दाबली की तिच्या आतलं रबर झिजतं, आणि ते बहुतेकदा सुटं बदलत नाहीत, अख्खी चावीच बदलतात. दहा मिनिटांत 'सगळं किट' कसलं!

ग्लासातली ती परीक्षा म्हणजे निव्वळ नाटक. त्या चार बोटं पाण्याला दाब असतो कुठे? काकांकडे झाकणबंद भांडं आहे, त्यात निम्मं पाणी. घड्याळ आधी पाण्याच्या वर हवेत टांगायचं, पंपाने दाब चढवायचा, काही मिनिटं थांबायचं. मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू उतरवायचा. गळती असेल तर आत शिरलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. बुडबुडा दिसला की दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ वर ओढायचं, नाहीतर आत पाणी जातं. काही ठिकाणी पाण्याशिवाय तपासणारं यंत्र असतं. ते दाबाखाली घड्याळ किती दबतं ते मोजतं.

आता मुद्द्याचं, सील बदलायचं कधी. साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षांनी बदलतोच. झाकण उघडलेलंच असतं, तेव्हा मागची रिंग बघून घ्यायची आणि चपटी, कडक किंवा चिकट झाली असेल तर बदलायची. काच बदलली, घड्याळ आपटलं, चावी सैल वाटली, तर वाट बघू नये. समुद्रात पोहणाऱ्याने वर्षातून एकदा दाबाची तपासणी करून घ्यावी. कपाटात पडून राहिलेल्या घड्याळाचंही रबर वाळतं. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर, पण तो आकडा नव्या घड्याळाचा, स्थिर पाण्यातल्या दाबाचा. माझं घड्याळ नऊ वर्षांचं आहे. आणि गरम पाण्याच्या आंघोळीला ते काढूनच ठेवावं. उष्णता आणि साबण दोन्ही रबराला मानवत नाहीत.

पण झाकण उघडायच्या आत कुणी "सील गेलंय" म्हणालं, तर घड्याळ उचलून चालू पडा. काम द्यायचंच असेल तर जुनं रबर हातात मागा, बिलावर 'मागची रिंग, चावी' असं वेगवेगळं लिहून घ्या आणि दाबाची तपासणी डोळ्यांसमोर करायला लावा.

माझ्या मशीनला तोवर गंज चढला होता. नवं मशीन, चावी आणि रिंग मिळून चौदाशे रुपये गेले. काकांनी ते दोन तुकडे पुडीत बांधून दिले, न मागता.