‘रीफ सेफ क्लीनअप पॅकेज’च्या नावाखाली मला काय काय खपवलं, बघा

सॉल्टवॉटर टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ), ठेवणाऱ्यांनी, आणि नवीन सुरू करणार असाल तर खास करून, हे जरा सावकाश वाचा. ‘क्लीनअप’ म्हणजे टँकमधलं शेवाळ, घाण खाऊन साफ करणारे छोटे जीव, आणि ‘रीफ सेफ’ म्हणजे कोरलला त्रास न देणारे. व्हॉट्सअॅपवर मासे विकणारे आता पैशाला पासरी झालेत, त्यातले काही अगदी सरळ आहेत, मी त्यांच्याकडून घेतोच. पण मुंबईच्या एका विक्रेत्याने मला जो चुना लावला तो नेहमीचा मेलेला मासा पाठवण्यातला प्रकार नाही. त्याने एक सोडून सगळं जिवंत पाठवलं, फक्त बॉक्समध्ये जे होतं आणि जे सांगितलं होतं त्याचा एकमेकांशी संबंध नव्हता. त्याचं नाव लिहून उपयोग नाही, दुकान असं काही नाहीच, नाव आणि नंबर दोन्ही बदलत असतात. पद्धत तेवढी लक्षात ठेवा.

माझा टँक कोल्हापुरात, चार फुटी, साधारण अडीचशे लिटरचा. आरओचं पाणी, त्यात सिंथेटिक मीठ, खारटपणा मोजायची विशिष्ट घनता १.०२५. झोआ, मश्रूम, एक लेदर असं सॉफ्ट, म्हणजे मऊ अंगाचं कोरल आहे. हार्ड, म्हणजे दगडी सांगाड्याचं कोरल मी ठेवत नाही कारण ते वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये येतं, म्हणजे वाघाच्याच यादीत. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचं कोरल नुसतं दुसरीकडे हलवायचं तर त्यालाही वनखात्याची परवानगी लागली होती. हे आत्ताच सांगून ठेवतोय कारण पुढे याच कायद्याचा धाक घालून तो माणूस माझ्याशी भांडला.

तर झालं असं की खडकावर ऐप्टेशिया वाढायला लागली होती. ही काचेसारखी दिसणारी छोटी अॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून राहणारा समुद्री जीव), उपटली तर एकाच्या दहा होतात. पेपरमिंट श्रिंप (एक छोटी कोळंबी) ती खातात म्हणून मी पेपरमिंटच्याच शोधात होतो, तेव्हा याची जाहिरात आली, ‘रीफ सेफ क्लीनअप क्रू, ६,५०० फक्त, पेपरमिंट, टर्बो स्नेल, हर्मिट, स्टारफिश, वर यलो अॅनिमोन’, आणि वेगळे २,८०० दिले तर पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) खाणारा मँडरीन मासा. यातला स्नेल म्हणजे गोगलगाय, हर्मिट म्हणजे शंखात राहणारा खेकडा. अस्सल पेपरमिंट अटलांटिकच्या बाजूची, बाहेरून येते, त्यामुळे महाग पडते, आणि ह्याच्याकडे सगळं पॅकेजच त्या भावात. मी म्हटलं फोटो पाठवा, त्याने व्हिडिओ पाठवला. मँडरीन खरंच पेलेट टिपत होता, निळ्या-केशरी रंगाचा तुकतुकीत नर, पाठीवरचा पुढचा काटा लांबलचक. मँडरीन घेणाऱ्यांना माहीत असेल, हा मासा दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (बारीक किड्यांसारखे जीव) वेचत फिरतो आणि तयार खाणं खायला सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर पेलेट खाणाऱ्याला एवढा भाव.

बॉक्स रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला. कोल्हापूरच्या तावडे हॉटेल स्टॉपला पहाटे उतरवून घेतला, घरी येऊन उघडताना सगळ्याचा व्हिडिओ काढला. हे प्रत्येकाने करा, बॉक्सची टेप फाडण्यापासून ते शेवटच्या पिशवीपर्यंत सलग, मध्ये कट न करता. नंतर मला वाचवलं ते ह्याच व्हिडिओने.

मँडरीन बघितला आणि कळलं. पाठीवर लांब काटा नाही, म्हणजे मादी, आणि पोट इतकं आत गेलेलं की पाठीचा कणा वरून दिसावा. व्हिडिओतला मासा हा नव्हेच. मग तो व्हिडिओ परत लावून बघत बसलो, टीव्हीवर मोठा करून. टँकच्या मागे भिंतीवर स्विचबोर्ड दिसतो, आणि त्याच्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं. आपल्याकडे गोल भोकं असतात राव! ते ब्रिटन-सिंगापूरकडचं सॉकेट. कुणा परदेशातल्या माणसाचा व्हिडिओ उचलून, आवाज काढून टाकून हा आपला माल म्हणून दाखवत होता. तेव्हापासून मी कुठलाही व्हिडिओ आला की आधी मासा बघत नाही, मागची भिंत बघतो. आणि आता सांगतोच, कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून टँकच्या काचेला लावा, त्याच मासळीला माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर खायला घाला. सरळ माणूस हसतो आणि करतो. बाकीचे म्हणतात सर आत्ता दुकानात गर्दी आहे.

मादीला मी बेबी ब्राइन (कोळंबीसारख्या जीवाची बारीक जिवंत पिल्लं) उबवून घातलं, सगळं केलं, नाही जगली ती. इतकं उपाशी राहिलेलं जनावर सहसा परत उभं राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, श्रिंप. पिशवीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पाठीला कुबड असलेल्या, टपोऱ्या डोळ्यांच्या कोळंब्या होत्या. ह्या कॅमल श्रिंप. आपल्या हिंद महासागरात मुबलक, त्यामुळे स्वस्त, आणि अनोळखी माणसाला पेपरमिंट म्हणून सर्रास खपवल्या जातात. फरक सांगतो, एकदा बघितला की परत कधी गल्लत होणार नाही. पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक असते, अंगावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा, मधे पांढऱ्या रेघा नसतातच. कॅमल गडद लाल, त्यात पांढऱ्या रेघांची ठसठशीत नक्षी, कुबड उठून दिसतं, आणि डोक्यावरची चोच वरखाली हलते. पेपरमिंट बरीचशी ऐप्टेशिया खाते, कॅमल तुमचे झोआ आणि मश्रूम खाते. म्हणजे औषध मागवलं आणि रोगच पार्सलमधून आला.

मी त्याला लगेच फोटो टाकला, तर उत्तर काय, ‘सर दोन्ही सेम आहे, पॅसिफिक पेपरमिंट बोलतात याला, रीफ सेफ आहे, गॅरंटी.’ गॅरंटी शब्द तर त्याच्या तोंडात इतका बसलाय की विचारू नका. मी त्या कोळंब्या टँकमध्ये सोडल्याच नाहीत, सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवल्या, पण पिशव्या टँकवर तरंगत असताना एक उडी मारून आत गेली. रात्री लाइट बंद करून लाल टॉर्च मारला, डोळे चमकले, आणि बाईसाहेब झोआच्या कॉलनीवर बसून एकेक पॉलिप चिमट्याने उचकटून खात होत्या, अगदी निवांत. नाण्याएवढा भाग टक्कल पडल्यासारखा झाला होता. कोल्ड्रिंकची बाटली वरून कापून तोंड उलटं बसवून, आत बोंबलाचा तुकडा टाकून पकडली तिला.

टर्बो स्नेल म्हणून आलेल्या गोगलगायी रात्रीतून सगळ्या पाण्याच्या वर, काचेच्या कडेला जाऊन बसल्या. ज्या काही मागे पडल्या त्यांचा वास येईपर्यंत पत्ता लागला नाही. ह्या किनाऱ्यावरच्या खडकांवरच्या, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या, त्यांना अर्धा वेळ पाण्याबाहेरच राहायची सवय. म्हणजे कुणीतरी ओहोटीला पिशवी घेऊन खडकावर गेलंय आणि वेचून आणल्यात. त्यात एक लांबट शंख वेगळा होता, पुढून सोंडेसारखी नळी बाहेर काढून वाळूत फिरणारा. ह्याने दोन दिवसांत बाकीच्यांतल्या काही फस्त केल्या. ही खूण लिहून ठेवा, शंखाचं तोंड गोल असेल तर बहुधा शेवाळ खाणारा, आणि तोंडाच्या एका टोकाला नळीसाठी खाच असेल तर बहुधा मांसाहारी. आणि शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंख आला तर हातात घेऊच नका, कोन स्नेल असेल तर ती विषारी नांगी मारते, काही जातींच्या डंखाने माणसं मेलीयत.

हर्मिट ठीकठाक होते, मोठ्या नांग्यांचे, त्यांचं फार काही नाही. स्टारफिश मात्र राखाडी अंगावर लाल टोकदार गाठींची, दिसायला झकास, मंडपम-रामेश्वरमच्या बाजूने भरपूर येते. स्पंज, सॉफ्ट कोरल, अॅनिमोन, जे हळू हलतं किंवा हलतच नाही ते सगळं खाते. तिला ‘रीफ सेफ’ म्हणणं म्हणजे कमालच.

पिवळं अॅनिमोन रंगवलेलं होतं. हो, अॅनिमोन रंगवतात. त्याच्या पिशवीतलं पाणीच हळदीचं, टिशू बुडवला तर टिशू पिवळा. निरोगी अॅनिमोन बहुतेक तपकिरी, फार तर टोकं जांभळी, कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर तेच त्याला पोसतं. हे शैवाल निघून गेलं की अॅनिमोन पांढरंफटक पडतं, असलं मरणाच्या दारातलं जनावर रंगात बुडवून ‘रेअर यलो’ म्हणून विकतात. भडक लिंबू, भडक जांभळा किंवा गुलाबी दिसला की दुरूनच नमस्कार करा. आणि तोंड उघडं पडलंय का, बुडाचा पाय फाटलाय का तेही बघा. ते टँकमध्ये मेलं तर विरघळत जातं आणि अमोनिया इतका चढतो की मासेही घेऊन जातं. मी वेगळ्या टबात ठेवलं होतं, आठवड्यात रंग उतरून त्याचा शेंबूड झाला.

आता ती मेलेली एक वस्तू. तळाला काळ्या पिशवीत ‘फ्री गिफ्ट’ लिहिलेलं, आत समुद्रकाकडी, सी कुकुंबर, आतडी बाहेर टाकून मेलेली, पाणी गढूळ. घाबरली की ती असं करते, आणि वर विषही सोडते, जिवंत टँकमध्ये झालं असतं तर सगळा टँक गेला असता. पण त्याहून मोठी भानगड वेगळी. २००१ पासून आपल्या देशात सगळ्या समुद्रकाकड्या शेड्यूल १ मध्ये आहेत, सी हॉर्सही. बाळगल्याबद्दल ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. मी मागवली नव्हती, त्याच्या यादीतही नव्हती. मी त्याच सकाळी १९२६ ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन केला, पिशवी होती तशीच ठेवली, माणूस आला त्याला व्हिडिओ दाखवून लेखी देऊन टाकलं आणि पोच घेतली. साहेबांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण काम त्यांनी नीट केलं.

दुपारी मी पैसे परत मागितले आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करतो म्हटलं. त्यावर हा शहाणा काय म्हणतो, ‘करा ना सर, पण तुमच्या घरी शेड्यूल वन आहे, पार्सलची पावती तुमच्या नावावर आहे, आधी तुम्हीच आत जाल.’ म्हणजे ते गिफ्ट नव्हतंच, गिऱ्हाईकाचं तोंड बंद ठेवायला टाकलेला हुक होता! मी त्याला वनखात्याच्या पोचपावतीचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत साडेपाच हजार जीपेला आले, मग ब्लॉक. उरलेले बुडाले. वनखात्याने त्याचा नंबर, चॅट, पार्सलची पावती सगळं घेतलंय, पुढचं तिकडे.

असं गिफ्ट कुणाला आलं असेल आणि ह्या धमकीने गप्प बसला असाल तर आधी १९२६ ला कळवा, पैशाचं नंतर. टँकमध्ये सोडू नका, पुढे विकू तर मुळीच नका, आणि दया येऊन पंचगंगेत वगैरे टाकू नका, गोड्या पाण्यात काय जगणार ते.

खरेदी करताना मी आता मराठी-इंग्रजी टोपणनाव चालवूनच घेत नाही, शास्त्रीय नाव लेखी मागतो, तेही पैसे द्यायच्या आधी. क्लाउनफिश घ्यायचे तर पैदास केलेलेच, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) मंडपम आणि विझिंजमला ही पैदास बसवून कैक वर्षं झाली, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्याला ‘टँक ब्रेड’ (टँकमध्ये पैदास केलेला) म्हणून जास्त पैसे द्यायचं कारण नाही, कुठल्या हॅचरीचा ते विचारा, नाव आलंच पाहिजे. आणि कोरा टँक असताना पन्नास-शंभर स्नेलचं पॅकेज घेऊच नका, खायला शेवाळ कुठाय त्यांना? चार-पाच घ्या, शेवाळ दिसेल तसे वाढवा.

त्या कॅमल श्रिंप अजून माझ्या सम्पमध्ये आहेत, चांगल्या धष्टपुष्ट झाल्यात. कोरल नसलेला, नुसत्या शांत माशांचा टँक कुणाचा असेल, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी कुठेही, तर सांगा, फुकट देतो, फक्त डबा आणा.